आमची संध्याकाळ आम्हाला द्या

मुंबई-ठाण्यातील कंपन्यांचे संचालक, व्यवस्थापक आणि मनुष्यबळ विभागांचे प्रमुख यांना,



हे पत्र कुणा एका कंपनीसाठी नाही. अंधेरी, गोरेगाव, वांद्रे-कुर्ला संकुल, वागळे इस्टेट, ऐरोली इथल्या ज्या ज्या कार्यालयांत मिरा-भाईंदर, वसई-विरार आणि घोडबंदर पट्ट्यातली माणसं रोज कामाला येतात, त्या सगळ्या कार्यालयांच्या कारभाऱ्यांना मी ते लिहिते आहे. तुमच्या हाताखालच्या माणसांच्या तोंडी सध्या एक वाक्य सारखं येतं : "सगळं सोडून गावाला जावंसं वाटतं." कुणी कोकणातल्या बंद घराची डागडुजी करायची म्हणतं, कुणी वाईकडे गुंठाभर जमिनीची चौकशी करतं. तिशी-पस्तिशीतली धडधाकट माणसं निवृत्तीचे बेत आखतात. हे कानावर आलं की तुम्ही समजता, याचं कामातून मन उडालं. मग वार्षिक मूल्यमापनात तसा शेरा पडतो.

खरं काय ते सांगावं म्हणून हा पत्रप्रपंच. ही माणसं आळशी झालेली नाहीत. ती दमली आहेत. त्यांतल्या बहुतेकांचं गावी ना शेत उरलंय, ना तिथे पोटापाण्याची सोय आहे, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. दिवसाउजेडी घरी पोचावं, ताट समोर आल्यावर फोन वाजू नये, रविवारी झोप पुरी व्हावी, इतकीच त्यांची मागणी आहे. ही मागणी कुठेच मांडता येत नाही, म्हणून ती गावाचं नाव घेतात.

मी वरसाव्याला राहते. अहमदाबाद महामार्ग आणि घोडबंदर रस्ता जिथे एकमेकांना मिळतात, तो आमचा नाका. एका अंगाला वसईची खाडी आणि कांदळवन, दुसऱ्या अंगाला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, जवळच घोडबंदरचा किल्ला, थोडं पुढे चेणे. शांत जगण्यासाठी लोक जे शोधत लांब लांब जातात, ते आमच्या दाराशी आहे. जूनच्या तोंडावर पाड्यांवरच्या बायका सकाळी रस्त्याच्या कडेला शेवळं घेऊन बसतात. शेवळाची भाजी घाईत होत नाही. वरची पानं सोलायची, आतला पिवळा भाग काढून टाकायचा, बारीक चिरून तेलावर चांगली परतायची आणि काकडांचा रस घालून शिजवायची, नाहीतर घसा खाजतो. विकणारी बाई जुडीबरोबर मूठभर काकडंही देते. माझ्या शेजारच्या बायका कामावर जाताना ती जुडी हातात घेतात, वास घेतात आणि परत ठेवतात. "आवडतात गं, पण साफ कधी करू?" बघता बघता शेवळांचे दिवस सरतात. खाडी, डोंगर, रानभाजी सगळं जवळ असून आमच्या वाट्याला येत नाही, कारण आमचा दिवस तुमच्याकडे आहे. म्हणून गाऱ्हाणं तुमच्यापाशीच मांडते, एकेक करून.

पहिलं गाऱ्हाणं प्रवासाचं. वरसाव्याचा पूल हे नाव तुमच्यापैकी अनेकांनी केवळ रेडिओवरच्या वाहतुकीच्या बातमीत ऐकलं असेल. मुंबईहून गुजरातकडे जाणारी आणि ठाण्याकडून, न्हावा-शेव्याकडून येणारी अवजड वाहनं याच नाक्यावर एकत्र येतात. खाडीवरचा जुना पूल वारंवार दुरुस्तीला निघायचा. २०२३ मध्ये नवा पूल सुरू झाला तेव्हा आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. त्यानंतर महामार्गाचं काँक्रीटीकरण निघालं, घोडबंदर रस्त्यावरच्या गायमुख घाटाची दुरुस्ती निघाली, आणि कोंडी आहे तिथेच राहिली. ऑक्टोबर २०२५ मध्ये सहलीहून परतणाऱ्या शाळकरी मुलांच्या बसगाड्या वसईजवळ याच महामार्गावर रात्रभर अडकल्या होत्या. मुलांचे हाल झाले म्हणून त्याची बातमी झाली. मोठ्यांचे रोजचे हाल आता बातमीत बसत नाहीत.

या कोंडीत अडकलेली कंपनीची बस एकदा आतून पाहा. कंटेनरच्या रांगांमधून पोरं पाण्याच्या बाटल्या आणि शेंगदाण्याच्या पुड्या विकत फिरताहेत. खिडकीशी बसलेली एक बाई फोनवर मुलाला गणित सांगते आहे. "हातचा घेतलास का? खाली लिही." तेवढ्यात दुसरा फोन येतो. ती मुलाला थांबायला सांगते, आवाज बदलते आणि उद्याच्या सादरीकरणाचे आकडे सांगू लागते. मूल तिकडे वही उघडी ठेवून वाट बघत बसलेलं असतं. हा सगळा वेळ तुमच्या लेखी कामाचा नाही. हजेरीचं यंत्र बोट टेकल्यापासून मोजतं आणि दहा मिनिटं उशीर झाला की अर्ध्या दिवसाची रजा कापतं.

रस्ता तुम्ही बांधलेला नाही, हे मला कळतं. महामार्ग प्राधिकरण, पालिका आणि वाहतूक पोलीस यांच्याशी आमचं वेगळं भांडण चालू आहे आणि ते आम्ही सोडणार नाही. पण कामाची वेळ तुमच्या हातात आहे. सकाळी आठ ते अकरा यांमधली कुठलीही वेळ निवडण्याची मुभा द्या. ज्यांचं काम संगणकावर होतं, त्यांना आठवड्यातून निदान दोन दिवस घरून काम करू द्या. २०२० आणि २०२१ मध्ये याच माणसांनी घरातल्या कोपऱ्यात बसून तुमचे व्यवहार चालू ठेवले होते. तेव्हा ज्यांच्यावर विश्वास टाकलात, ती माणसं आज अविश्वासाला पात्र झाली, असं काय घडलं? वाहतूक पोलिसांनी घाट बंद असल्याची सूचना काढली असेल, त्या दिवशी तरी उशिराची रजा कापू नका.

दुसरं गाऱ्हाणं फोनचं. कार्यालय सुटतं, काम सुटत नाही. रात्री साडेदहाला गटावर संदेश पडतो : "अर्जंट नाही, जमलं तर बघ." पाठवणाऱ्याला ते 'जमलं तर' वाटत असेल. वाचणाऱ्याला तो हुकूमच असतो, कारण शेजारच्या टेबलावरच्या माणसाने तोवर उत्तर दिलेलं असतं. अशा संदेशाला लागणारी पाच मिनिटं फारशी मोठी नाहीत. पण तो कधीही येईल या धास्तीने सबंध संध्याकाळ ताणलेली राहते. माणूस घरी असतो आणि घरात नसतो.

फ्रान्सने २०१७ पासून मोठ्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेर संपर्क न ठेवण्याच्या हक्काबद्दल कर्मचाऱ्यांशी बोलणी करणं बंधनकारक केलं. ऑस्ट्रेलियात असा कायदा ऑगस्ट २०२४ मध्ये लागू झाला. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत या विषयावर खासगी विधेयक मांडलं. कायदा झाला नाही. पण चांगला नियम करायला कंपनीला कायद्याची वाट पाहावी लागत नाही. माझी विनंती इतकीच : संध्याकाळी ठरावीक वेळेनंतर आणि सुट्टीच्या दिवशी संपर्क करायचा नाही, हे लेखी लिहा. खरी निकड म्हणजे काय, ते त्याच कागदावर नमूद करा. आणि उत्तर न देणाऱ्याच्या बढतीवर त्याचा परिणाम होणार नाही, हे तुमच्या सहीनिशी सांगा. परदेशी ग्राहकासाठी रात्री बसावंच लागत असेल तर पाळी लावा आणि रात्री बसलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी उशिरा येऊ द्या.

तिसरं गाऱ्हाणं माणसांच्या संख्येचं. एक जण नोकरी सोडून जातो. त्याची जागा भरली जात नाही. 'तात्पुरतं' म्हणून त्याचं काम दोघांत वाटून दिलं जातं आणि सहा महिन्यांनी ते कायमचं होऊन बसतं. मग दुसराही जातो. उरलेल्यांच्या नाकी नऊ येतात, आणि नेमक्या त्याच वेळी तुमच्याकडून पत्रक येतं की बुधवारी जेवणाच्या सुट्टीत तणावमुक्तीचं शिबिर आहे, उपस्थिती अनिवार्य. दीर्घ श्वास घ्यायला शिकवणारा माणूस चांगला असतो, त्याच्याविषयी तक्रार नाही. पण आम्हाला श्वास घेता येत नाही तो कामाच्या ढिगाऱ्यामुळे, आणि तो ढिगारा शिबिरातून परत आल्यावर जागचा हललेला नसतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये याबद्दल जे म्हटलं ते तुमच्या विभागात सगळ्यांनी वाचायला हवं. कामामुळे येणारं हे पिचलेपण म्हणजे कामाच्या ठिकाणच्या दीर्घकाळच्या आणि नीट न हाताळलेल्या ताणाचा परिणाम, अशी संघटनेची मांडणी आहे. शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं, ही त्याची तीन लक्षणं. याची गणना तिने आजारांत केलेली नाही, कामाशी निगडित घटनांत केली आहे. तेव्हा औषधपाणी एकट्या माणसाला करून भागणार नाही, कामाची घडी बदलावी लागेल. रिकामी जागा किती दिवसांत भरणार याची मुदत ठरवा, आणि ती भरेपर्यंत कुठलं काम बाजूला ठेवायचं हे वरिष्ठाने सांगावं. सगळंच तातडीचं आहे असं म्हणणारा वरिष्ठ आपलं काम करत नसतो.

चौथं गाऱ्हाणं रजेचं. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने वर्षाला आठ किरकोळ रजा आणि दर वीस दिवसांच्या कामामागे एक अर्जित रजा दिली आहे. म्हणजे रजा हा हक्क आहे. तरी ती मागताना माणसाचा आवाज खाली जातो. गणपतीला चार दिवस गावी जायचं तर महिनाभर आधीपासून ओशाळं व्हावं लागतं, आणि गेल्यावरही आरतीच्या वेळी लॅपटॉप चार्जिंगला लावलेला असतो. रजेवरच्या माणसाला फोन करायचा नाही, हा नियम करा आणि तो आधी स्वतः पाळा. साहेब रजेवर असताना खरोखर रजेवर असले, तरच कारकुनाला रजा घ्यायचा धीर होतो.

पाचवं गाऱ्हाणं तुमच्यातल्या ज्येष्ठांच्या बोलण्याचं. २०२३ मध्ये एका नामवंत उद्योजकांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं सांगितलं. जानेवारी २०२५ मध्ये दुसऱ्या एका बड्या कंपनीच्या प्रमुखांचं ९० तासांबद्दलचं आणि रविवारी काम करण्याबद्दलचं बोलणं देशभर गाजलं. त्यांचं कर्तृत्व मोठं आहे आणि त्याबद्दल आदर आहे. पण जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून अधिक काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्के जास्त असतो. हा हिशेब व्यासपीठावर कुणी सांगत नाही. शिवाय ९० तास काम करणाऱ्या प्रमुखाच्या घरी स्वयंपाक, मुलांचा अभ्यास आणि आजारी आईचं औषध बघायला माणसं असतात. वरसाव्याहून येणारी बाई हे सगळं करून तुमच्याकडे येते आणि हे सगळं करायला परत जाते.

जुलै २०२४ मध्ये पुण्यात एका मोठ्या लेखा संस्थेत काम करणारी २६ वर्षांची सनदी लेखापाल गेली. नोकरीला लागून तिला चार महिने झाले होते. तिच्या आईने संस्थेच्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र सप्टेंबरात देशभर वाचलं गेलं. ते पत्र तुम्हीही वाचलं असेल. तेव्हा अनेक कार्यालयांत दोन दिवस हळहळ झाली, बैठका झाल्या. नंतर काय बदललं, हे तुम्ही आपल्या कर्मचाऱ्यांना एकदा विचारावं.

या पार्श्वभूमीवर सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकाने व आस्थापनांतली कामाची दैनंदिन मर्यादा नऊ तासांवरून दहा तासांवर आणि तिमाहीतल्या जादा कामाची मर्यादा १२५ तासांवरून १४४ तासांवर नेण्यास मान्यता दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम आहे, आणि जादा कामाला दुप्पट मोबदला देणंही बंधनकारक आहे. माझं मागणं असं की कायद्याने दिलेली वरची मर्यादा ही रोजची सवय करू नका. माणसाला जादा वेळ थांबवून घ्यायचं तर त्याची संमती घ्या, पैसे द्या आणि ती वेळ कागदावर येऊ द्या. चार जणांना 'व्यवस्थापक' असा हुद्दा बहाल करून त्यांना या मर्यादेतून बाहेर काढण्याची चाल तर पूर्ण बंद करा. हाताखाली एकही माणूस नसलेले व्यवस्थापक आज गल्लोगल्ली सापडतात.

सहावं गाऱ्हाणं माझं नाही, पण ते मांडल्याशिवाय हे पत्र अपुरं राहील. घरून काम, लवचिक वेळ, फोनबंदी या गोष्टी आम्हा खुर्चीवरच्यांना मिळतीलही. तुमच्या दारावरचा सुरक्षारक्षक बारा तास उभा असतो. लादी पुसणारी मावशी सगळ्यांच्या आधी येते. आम्हाला आणणाऱ्या बसचा चालक आम्हाला सोडून पुढच्या पाळीच्या माणसांना आणायला निघतो. तो याच वरसाव्याच्या कोंडीत आमच्याइतकाच अडकलेला असतो, फक्त त्याला खिडकीवर डोकं टेकता येत नाही. ही माणसं ठेकेदाराची आहेत, असं सांगून तुम्ही हात झटकू नका. काम तुमच्या इमारतीत होतं. ठेका देताना आठ तासांची पाळी, आठवड्याची भरपगारी सुट्टी आणि बसायला एक खुर्ची या अटी घाला. त्याने खर्च वाढेल, हे खरं. तो वाढू द्या.

तुम्ही म्हणाल, स्पर्धेच्या जगात हे परवडत नाही. या मुंबईने हे उत्तर फार पूर्वी ऐकलेलं आहे. ठाण्यात जन्मलेले नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची सभा भरवली, तेव्हाच्या मागण्या काढून वाचा. आठवड्यात रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, कामाला सुरुवात आणि शेवट यांची ठरलेली वेळ, पगार वेळेवर, कामावर जखमी झालेल्याला भरपाई. पैशांइतकीच त्यात वेळेची मागणी होती. मालकांचं म्हणणं तेव्हाही हेच होतं की धंदा बुडेल. सहा वर्षं झुंज चालली आणि १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली. त्यानंतर गिरण्या बुडाल्या नाहीत, कित्येक दशकं भरभराटीने चालल्या. आज तुम्ही आणि आम्ही दोघंही जो रविवार घरी काढतो, तो त्या माणसाने मिळवून दिलेला आहे. त्यावर हळूहळू जे अतिक्रमण होत आहे ते थांबवणं हे आपलं काम आहे.

आणि तुमच्या फायद्याचंही बोलते. दमलेल्या माणसाकडून चुका होतात, त्या निस्तरायला दुसरा दमतो. अनुभवी माणूस कंटाळून निघून जातो तेव्हा त्याच्याबरोबर दहा वर्षांची माहिती जाते आणि नव्याला तयार करण्यात वर्ष निघतं. संध्याकाळी मुलाला गणित शिकवून, पोटभर जेवून झोपलेला माणूस सकाळी तुमच्याकडे जे डोकं घेऊन येतो, ते कुठल्याही शिबिरातून मिळणार नाही.

आमच्यापैकी थोडे लोक खरोखर गावी जातील. त्यांना शुभेच्छा. बाकीचे लाखो इथेच राहणार आहेत, कारण मुलांच्या शाळा इथे आहेत, घराचे हप्ते इथे आहेत, आणि खरं सांगायचं तर आम्हाला आमचं काम आवडतं. आम्हाला सावकाश जगायचं आहे ते इथेच, या खाडीच्या आणि डोंगराच्या मधल्या पट्ट्यात, तुमच्याकडे नोकरी करून.

तेव्हा माझी आग्रहाची विनंती आहे. तुमच्या पुढच्या व्यवस्थापन बैठकीच्या विषयपत्रिकेवर 'कामाचे तास' हा एकच विषय ठेवा. बैठकीला सगळ्यात लांबून येणारे दोन कर्मचारी, एक सुरक्षारक्षक आणि एक बसचालक यांना बोलवा. त्यांना आधी बोलू द्या. मग वरच्या सहा गोष्टींपैकी कोणत्या करणार आणि कधीपासून, ते लिहून सूचनाफलकावर लावा. ज्या करणार नसाल, त्यांचं कारणही तिथेच लिहा. एवढं केलंत तरी पुष्कळ होईल.

कळावे, लोभ असावा.

आपली,
वरसावे, मिरा-भाईंदर येथील एक नोकरदार रहिवासी